‘दोघांचेही खरे’ : अ‍ॅनिमेचा चाहता, अरण्य आणि नैतिक निर्णय

कलाकृती पाहून झाल्यावर प्रेक्षक जे सहज बोलून जातो, त्याची दखल समीक्षेने आजवर फारशी घेतलेली नाही. ‘आवडले’, ‘शेवट पटला नाही’, ‘तिचेही बरोबर होते’ अशा उद्गारांना अभिरुचीच्या इतिहासात साधनसामग्रीचे मोल मिळते. विचार म्हणून त्यांची तपासणी होत नाही. विशेषतः जो स्वतःला रसिकही म्हणवत नाही, केवळ चाहता म्हणवतो, त्याचे बोलणे आस्वाद आणि समीक्षा या दोहोंच्या उंबरठ्याबाहेरच राहते. परंतु अशा उद्गारांत अनेकदा नैतिक निर्णय दडलेला असतो आणि तो निर्णय कोणत्या अधिकाराने, कोणाविषयी आणि कुठे बसून दिला जातो हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. जपानी अ‍ॅनिमेपट आणि मांगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथा यांच्या चाहत्याच्या संदर्भात, आणि तोही चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील चाहत्याच्या संदर्भात, हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो.

या प्रदेशाला सहज बोलण्याची परंपरा अपरिचित नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा हे तिचे केंद्र. रात्रभर चाललेल्या नाटकातील सासू किती दुष्ट, सावकार किती कपटी आणि धाकट्या भावाने घर सोडले ते योग्य की अयोग्य, याची चर्चा नाटक संपल्यावरही संपत नाही. त्या चर्चेत नाट्यगुणांपेक्षा न्यायनिवाडाच अधिक असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अ‍ॅनिमे पाहणाऱ्या आजच्या तरुणाचे बोलणे याच जातकुळीचे आहे. फरक इतकाच, की झाडीपट्टीचे नाटक निवाडा सोपा करून देते. चाहत्याच्या पसंतीस उतरलेले उत्तम अ‍ॅनिमेपट मात्र तो अवघड करून ठेवतात.

हा बदल एका पिढीच्या अवधीत घडला. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ या मालिकेचे हिंदी रूपांतर लोकप्रिय झाले. ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये निर्मिलेली होती, याचे भान बहुतेक बालप्रेक्षकांना नव्हते. गुलजारांचे शीर्षकगीत आणि शेरखानाला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाज यांमुळे ती परकी वाटलीच नाही. किपलिंगने १८९४ च्या ग्रंथात वर्णिलेले शिवणीचे रान तर मध्य प्रदेशात, विदर्भाच्या सीमेलगत. तथापि त्या मालिकेतील नैतिक जग स्वच्छ विभागलेले होते. शेरखान दुष्ट, बगीरा सुजाण, अरण्याचा कायदा निःसंदिग्ध. वाघ खलनायक आहे हे एकदा ठरले, की प्रेक्षकाला विचार करण्याचे कारण उरत नाही.

ताडोब्याच्या परिसरात वाघाविषयीची जुनी समजूत इतकी सोपी नाही. तलावाकाठचे तारूचे स्थान, ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडल्याचे सांगतात, ते वाघाशी झालेल्या झुंजीत मेलेल्या गावप्रमुखाचे आहे. आख्यायिकेत मेलेला माणूस देव झाला. पण म्हणून वाघ राक्षस ठरला नाही. अरण्यात एकाने दुसऱ्याला मारले, एवढ्यावरून मारणाऱ्याला दुष्ट म्हणता येत नाही ही जाणीव त्या दैवतकथेत आहे. मोगलीच्या मालिकेपेक्षा ती अधिक प्रौढ आहे, आणि हायाओ मियाझाकी यांच्या ‘मोनोनोके हिमे’ या १९९७ च्या चित्रपटाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

‘मोनोनोके हिमे’चे कथानक थोडक्यात असे. दूर ईशान्येकडील एका गावावर पिसाळलेला रानडुक्करदेव चाल करून येतो. गावाच्या रक्षणासाठी आशिताका त्याला मारतो, पण त्याच्या स्पर्शाने आशिताकाच्या हाताला शाप जडतो. देवाच्या देहात लोखंडाचा गोळा सापडतो. त्यानेच देवाला वेड लागलेले असते. तो गोळा कुठून आला याच्या शोधात निघालेला आशिताका एबोशी या स्त्रीच्या लोहनगरीत पोहोचतो. ती नगरी रान तोडून डोंगरातील लोहवाळू काढते, भट्ट्या पेटवते, बंदुका घडवते. तिच्याविरुद्ध लढते ती सान, लांडग्यांच्या देवीने वाढवलेली मानवकन्या. एबोशीला खलनायिका ठरवावे, तर तिने वेश्यागृहांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया भाता चालवताना दिसतात आणि जगाने टाकून दिलेले कुष्ठरुग्ण तिच्या आश्रयाला माणूस म्हणून जगत असतात. सानला दोष द्यावा, तर तिचे रान डोळ्यांदेखत नष्ट होत असते.

या चित्रपटावर चाहत्याचा ठरलेला अभिप्राय म्हणजे ‘दोघांचेही खरे आहे.’ तो उथळ नाही. शोकात्मिका म्हणजे सत् आणि असत् यांचा संघर्ष नसून दोन न्याय्य पण एकांगी दाव्यांची टक्कर होय, असे हेगेलने अँटिगनीच्या निमित्ताने मांडले. चाहत्याचा उद्गार त्याच दिशेने जातो. मियाझाकींनाही हा प्रश्न एकदाच सुचलेला नाही. ‘नौसिका’ या त्यांच्या १९८४ च्या चित्रपटात विषारी मानले गेलेले अरण्यच माणसाने नासवलेली माती शुद्ध करीत असल्याचे उघड होते, आणि प्रेक्षक आश्वस्त होतो. परंतु १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी रेखाटलेल्या त्याच नावाच्या चित्रकथेच्या अखेरीस ते शुद्धीकरणही प्राचीन माणसांनीच योजलेले होते असे कळते, आणि नायिका त्या आयत्या मोक्षाला नकार देते. ज्या कलावंताने स्वतःचेच आश्वासक उत्तर पुढे खोडून काढले, त्याच्या चाहत्याला सोप्या निवाड्याचा मोह होऊ नये हे स्वाभाविकच.

मात्र ‘दोघांचेही खरे’ असे म्हणणारा माणूस कुठे उभा आहे, यावर त्या वाक्याचा अर्थ अवलंबून असतो. तोक्योत, मुंबईत किंवा पुण्यात बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ते एका कल्पित संघर्षाविषयीचे विधान असते. एटापल्लीच्या किंवा सिंदेवाहीच्या प्रेक्षकाला ते तसे राहू देणे कठीण आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर हे माडियांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे. तेथे दरवर्षी यात्रा भरते. त्याच डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ मध्ये खाणपट्टा दिला गेला, २०१६ मध्ये उत्खननाला आरंभ झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहणारी वाहने मोठ्या संख्येने जाळली, आणि २०२१ नंतर उत्खनन वाढत गेले. देवाचा डोंगर, लोखंड, रोजगाराचे आश्वासन आणि बंदूक ही चित्रपटातील चारही पदे येथे रूपकाविना उपस्थित आहेत. तिकडे सिंदेवाही तालुक्यात मे २०२५ मध्ये तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्याच्या गावात असे घडले, त्याच्यासाठी ‘लांडग्यांच्या देवीचेही खरे’ हे शब्द उच्चारणे म्हणजे काय, याची कल्पना अन्यत्र बसून करता येणार नाही.

भारतीय काव्यशास्त्राने या अवस्थेला नाव दिलेले आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी दोन येथे नेमकी लागू पडतात : पडद्यावरचे सुखदुःख आपले अथवा अमक्याचे असे मानून विशिष्ट देशकालात अडकणे, आणि स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. या विघ्नांचा परिहार झाल्याखेरीज साधारणीकरण घडत नाही आणि रसास्वाद पूर्ण होत नाही. मराठी सौंदर्यशास्त्रात हाच पेच लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या संज्ञांनी ओळखला जातो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात हे दोन ध्रुव मांडले, तेव्हा त्यांतील एकाचा निर्णायक विजय होत नाही हेही दाखवले. अलौकिकतावादी भूमिका घेतल्यास सुरजागडचा प्रेक्षक अपात्र ठरतो : त्याला डोंगर दिसतो, कलाकृती दिसत नाही. लौकिकतावादी भूमिका घेतल्यास तोच सर्वाधिक पात्र ठरतो : कलाकृती ज्या जीवनाविषयी बोलते ते त्याच्या परिचयाचे आहे. परंतु दोन्ही भूमिकांत एक समान गृहीत आहे. प्रेक्षकाने कलाकृतीला न्याय द्यावा कसा, एवढेच त्या विचारतात. कलाकृती पाहून आल्यावर प्रेक्षकावर कोणती जबाबदारी येते हे दोन्हीकडे अनुत्तरित राहते.

लौकिकतावादी वाचनातील धोका प्रथम लक्षात घ्यावा लागतो, कारण या प्रदेशात तोच अधिक मोहक आहे. एबोशी म्हणजे खाण आणि सान म्हणजे आदिवासी, असे समीकरण मांडले की चित्रपट गडचिरोलीचाच होऊन जातो. परंतु सान ही रानाची कन्या आहे. ती माणसांना नाकारते, तिला गाव नाही, शेत नाही, नातेगोते नाही. माडिया वा गोंड समाजाला तिच्या जागी बसवणे म्हणजे भाषा, गोत्रव्यवस्था, पंचायत आणि शेती असलेल्या समाजाला निसर्गाचा भाग ठरवणे होय. आदिवासींकडे ‘रानाची लेकरे’ म्हणून पाहणाऱ्या जुन्या नागर कौतुकाचीच ती नवी आवृत्ती ठरेल. चित्रपटात या समाजाच्या जवळपास जाणारे कोणी असेल, तर ते आशिताकाचे गाव. राजसत्तेकडून पराभूत होऊन दूर डोंगरांत सरलेल्या एमिशी लोकांचे ते गाव. दुसऱ्यांनी, दुसरीकडे, आपल्या प्रयोजनासाठी ओतलेल्या लोखंडाचा शाप त्या गावाच्या वाट्याला येतो आणि त्याची किंमत म्हणून गावाला आपला तरुण गमवावा लागतो. संघर्षाच्या दोन्ही पक्षांत नसलेल्यालाच संघर्षाची जखम होते, हे चित्रपटाच्या आरंभीच सांगितलेले असते. चाहत्यांच्या बोलण्यात मात्र ते गाव सहसा येत नाही.

समीकरण दुसऱ्या अंगानेही मोडते. रानाचा पक्ष या प्रदेशात निष्पाप राहिलेला नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे. अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प १९९५ मध्ये झाला, आणि पुढे गाभा क्षेत्रातील काही गावे उठवून अन्यत्र वसवण्यात आली. माणसाविना रान हे जे सानचे स्वप्न, त्याची शासकीय आवृत्ती येथे प्रत्यक्षात आली. तेव्हा अरण्यवासी माणसाला एका बाजूने लोखंड सरकवते आणि दुसऱ्या बाजूने वाघ. ‘दोघांचेही खरे’ असे म्हणणाऱ्याने ही तिसरी व्यक्ती मोजलेली नसते. दोन पक्षांत सत्याची समान वाटणी करताना, ज्याच्या पदरी दोन्ही सत्यांचा भार पडतो तो वाटणीतून गळतो. चाहत्याच्या उदार वाक्यातील नैतिक उणीव हीच आहे.

मग एबोशीचा पक्ष अधिक कठोरपणे नाकारावा काय? चंद्रपूर जिल्ह्याला तसे करणे सोपे नाही. कुष्ठरुग्णांना काम, घर आणि प्रतिष्ठा देणारी वसाहत म्हणजे काय हे वरोऱ्याजवळील आनंदवनामुळे या जिल्ह्याला ठाऊक आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीने ते उभे केले. चित्रपटात एक जर्जर रुग्ण, माणूस म्हणून आपल्याला हात लावणारी एकटी एबोशीच होती असे सांगून तिच्या जिवाची भीक मागतो. त्या प्रसंगाचे मोल आनंदवनाच्या शेजारी राहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय खाणीमुळे रोजगार मिळेल, दवाखाने होतील, या म्हणण्यामागेही दारिद्र्याचा खरा अनुभव आहे. तो केवळ प्रचार म्हणून बाजूला सारता येत नाही. परंतु आनंदवनाच्या उदाहरणातूनच एबोशीच्या पक्षाची मर्यादाही कळते. रुग्णांचे पुनर्वसन आणि बंदुकांचा कारखाना यांची जोड लोहनगरीत अपरिहार्य वाटते. आनंदवनात ती नव्हती. इतकेच नव्हे, तर ज्या बाबा आमट्यांनी ही वसाहत वसवली तेच ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम येथील प्रस्तावित धरणांविरुद्ध, जंगल आणि माणूस या दोघांच्या बाजूने उभे राहिले. करुणेसाठी रानाचा बळी द्यावाच लागतो हा एबोशीचा युक्तिवाद इतिहासाने एका ठिकाणी तरी खोटा ठरवलेला आहे. तेव्हा ‘एबोशीचेही खरे’ या म्हणण्यातील ‘खरे’ कोणते आणि ‘अपरिहार्य’ कोणते हे वेगळे करणे भाग पडते.

येथे आशिताकाच्या भूमिकेकडे पुन्हा पाहावे लागते, कारण चाहता स्वतःला त्याच्याच जागी कल्पीत असतो. द्वेषाने न गढुळलेल्या डोळ्यांनी पाहणे हे आशिताकाचे व्रत आहे, आणि हेच तटस्थतेचे समर्थन म्हणून पुढे केले जाते. ते समर्थन टिकत नाही. आशिताका तटस्थ असता तर त्याला शाप लागलाच नसता. एबोशीसमोर त्याचा शापित हात तिला मारायला उसळतो आणि तो दुसऱ्या हाताने त्याला आवरतो. त्याचे निर्मळ पाहणे हे स्वतःच्याच देहातील रागाशी केलेले झगडणे आहे. सानला लोहनगरीतून वाचवताना त्याला गोळी लागते. अखेरीस अरण्यदेवाचे छाटलेले शिर परत देण्यासाठी तो सानबरोबर स्वतःचा जीव पणाला लावतो. आणि सगळे संपल्यावर तो रानात राहत नाही, आपल्या गावीही परतत नाही. लोहनगरी पुन्हा उभारण्याच्या कामासाठी थांबतो आणि सानला भेटत राहण्याचे ठरवतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत हे त्याला कळलेले असते. परंतु कळल्यावर त्याचे काम संपत नाही, सुरू होते. प्रेक्षकाचे ‘दोघांचेही खरे’ आणि आशिताकाचे ‘दोघांचेही खरे’ यांत शब्द तेच असले तरी एक विधान आहे आणि दुसरी प्रतिज्ञा.

या भेदाच्या प्रकाशात अभिनवगुप्ताच्या विघ्नविचाराकडे वळले, तर असे म्हणता येईल की अरण्यप्रदेशातील प्रेक्षकाचे रसविघ्न आस्वादाच्या दृष्टीने उणेपणा असला, तरी नैतिक दृष्टीने तो त्याचा हात आहे, आशिताकाच्या हातासारखा. जखम त्याला तटस्थ राहू देत नाही. आणि तीच त्याला आंधळा पक्षपातीही करू शकते. रसास्वाद ही जखम विसरायला लावत नाही. मात्र तिच्या आवेगाला काही काळ आवर घालतो. ज्याच्या गावातील माणूस वाघाने मारला, तो दोन तासांपुरता का होईना लांडग्यांच्या देवीच्या बाजूने जग पाहतो. साधारणीकरणाचे मोल एवढेच, आणि एवढे पुरेसे आहे. मात्र त्या दोन तासांनंतरही साधारणीकरण चालूच ठेवणे, म्हणजे स्वतःच्या गावातील प्रश्नाकडेही ‘दोघांचेही खरे’ म्हणून प्रेक्षकाच्या नजरेने पाहत राहणे, हा आस्वादाचा अतिरेक ठरतो. कलेत जे औदार्य असते तेच जीवनात पळवाट होऊ शकते.

निर्णय मग कसा घ्यावा, याचे उत्तर चित्रपट देत नाही. तशी अपेक्षाही गैर आहे. सान आणि एबोशी यांना एकत्र बसवणारी कोणतीही संस्था त्या कथेत नाही, त्यामुळे सगळा भार एका तरुणाच्या देहावर पडतो. वास्तवात तशी संस्था असू शकते याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यातच, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावी मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. येथील लोक रान तोडण्याच्या बाजूचे नाहीत आणि रानाला माणसापासून वेगळे काढण्याच्याही बाजूचे नाहीत. बांबू ते कापतात, विकतात, आणि किती कापायचा हे ग्रामसभा ठरवते. हा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. दोघांचेही खरे असेल, तर एकाला मतांनी हरवून प्रश्न सुटत नाही, हे त्या पद्धतीमागील तत्त्व आहे. सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहावे लागते, थांबावे लागते.

त्या गावाच्या व्यवस्थेतील आणखी एक बाब येथे प्रस्तुत आहे. ग्रामसभेपासून वेगळा असा अभ्यासगट तेथे चालतो. अभ्यासगटात कोणीही येऊ शकतो, बाहेरचाही. विषय खुलेपणाने चर्चिले जातात, पण निर्णय घेतले जात नाहीत. निर्णयाची जागा ग्रामसभा. बोलणे आणि ठरवणे यांची ही फारकत बोलण्याला हलके लेखण्यासाठी केलेली नाही. निर्णयाचे ओझे नसल्यामुळेच माणूस दुसऱ्याची बाजू मांडून पाहू शकतो, आणि ती एकदा मांडलेली असते म्हणूनच पुढे ठरवताना तिला विसरता येत नाही.

चाहत्याच्या सहज बोलण्याचे स्थान या व्यवस्थेच्या आधारे निश्चित करता येईल. चित्रपट पाहून झाल्यावर मित्रांत निघालेला ‘दोघांचेही खरे’ हा उद्गार म्हणजे अभ्यासगटातील बोलणे. तिथे तो योग्य आहे, आवश्यक आहे, आणि त्याला अपुरा म्हणून झिडकारणारी समीक्षा स्वतःच अपुरी आहे. तोच उद्गार ग्रामसभेत, जिथे डोंगराचे, वाघाचे आणि तेंदूपानाचे काय करायचे हे ठरायचे असते तिथे, अखेरचा शब्द म्हणून उच्चारला गेला तर मात्र तो मौनाइतकाच निरुपयोगी ठरतो. ज्या प्रदेशात ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तेथील प्रेक्षकाला एकातून उठून दुसऱ्यात जाऊन बसावे लागते. अन्यत्रच्या प्रेक्षकाची यातून सुटका होते असे नाही. त्याची ग्रामसभा दूर आहे, एवढाच त्याचा अर्थ.